ओढ्यापलीकडचे आवेरबेक

थेक्लाने दुधाचा तोच कॅन तिसऱ्यांदा घासायला घेतला. आत बोट फिरवून पाहिलं, काही नव्हतं, तरी पुन्हा गरम पाणी ओतलं. दूधघराच्या खिडकीतून अंगणाचा दरवाजा दिसत होता. ट्रॅक्टरखाली कोनराडचे पाय दिसत होते. बाबा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून फावड्याला नवा दांडा बसवत होते. दोघांमध्ये वीस पावलांचं अंतर होतं. सकाळपासून त्यांच्यात एक शब्द झाला नव्हता.

आज शुक्रवार. उद्या संध्याकाळी शेजारी येऊन लग्नासाठी दाराला फरच्या डहाळ्यांची आणि कागदी गुलाबांची कमान बांधणार होते. कमानीच्या मधोमध पाटी. पाटीवरची अक्षरं क्योस्टर्स दूधवाल्याची बायको आना रंगवायची, आणि रंग वाळायला वेळ लागतो, म्हणून तिचा निरोप काल आला होता : पाटीवर नाव काय घालू?

"आवेरबेक," बाबा म्हणाले होते. "दुसरं काय घालणार?"

"याश्के," कोनराड म्हणाला होता.

"या दारावर याश्के लागणार नाही."

"आणि आवेरबेक लागलं तर मी त्या कमानीखालून जाणार नाही."

एवढंच बोलणं झालं. आवाज कुणीच चढवला नव्हता. थेक्लाला चढलेल्या आवाजाची भीती वाटत नसे. तिला ह्या दोघांची शांतता माहीत होती.

हॉलंडच्या सीमेजवळच्या त्या भागात माणसाला शेताचं नाव लागे. शेतावर लग्न करून जो येई, तो दारातून आत आला की शेताच्या नावाचा होई. कागदोपत्री त्याचं जुनं नाव राही, पण कागद कोण वाचतो? दुधाची गाडी, चर्च, दारूचं दुकान, सगळीकडे त्याला शेताच्याच नावाने हाक. थेक्लाचे बाबा असेच आले होते, सव्वीस साली. शेत आईचं होतं. आई गेली, भाऊ योझेफ युद्धात रशियातच राहिला, म्हणून शेत आता थेक्लाचं. आणि थेक्ला कोनराडची होणार होती, पुढच्या शनिवारी.

कोनराड दूर पूर्वेकडच्या सायलेशियातून आला होता, युद्धानंतर, सेहेचाळीस साली, बाकीच्या निर्वासितांबरोबर. सरकारने त्याला ह्याच घराच्या माळ्यावर जागा दिली होती. पाठीवर एक पिशवी, तिच्यात बापाचे पाने आणि पक्कड. बाप आणि दोन्ही भाऊ तिकडेच संपले. गावात यंत्रं दुरुस्त करता करता बारा वर्षं झाली तरी लोक त्याला 'तो वरचा' म्हणत, माळ्यावर राहायचा म्हणून.

"अरे, फुकट चाळीस गाई मिळताहेत," दूधवाला क्योस्टर्स त्याला परवाच म्हणाला होता. "मला कुणी एवढ्या गाई दिल्या तर मी नाव काय, टोपीसुद्धा काढून देईन."

"तुझी टोपी कोण घेणार?" कोनराड म्हणाला होता, आणि लोक हसले होते. पण घरी आल्यावर तो थेक्लाला म्हणाला, "मी तिकडून काय आणलं? पाने, पक्कड आणि नाव. पाने झिजले आता."

थेक्लाने कॅन उपडा ठेवला. भिंतीवर काळा फळा होता, गाभण गाईंच्या तारखा लिहायचा. तिने खडू उचलला. तारखांच्या खाली लिहिलं : थेक्ला टेन्कहॉफ. हे कागदावरचं नाव, बाबांचं जुनं. शाळेच्या दाखल्यावर होतं, आणि गेल्या आठवड्यात लग्नाच्या नोंदणीला सही करताना तिने तेच घातलं होतं. सही करताना हात अडखळला होता. त्याच्या खाली लिहिलं : थेक्ला याश्के. हे पुढच्या शनिवारपासून. मधल्या जागेत तिला जन्मापासून सगळे ज्या नावाने ओळखत होते ते लिहायला गेली, आणि बाहेर सायकलची घंटा वाजली. तिने ओल्या हाताने सगळं पुसलं. दोन तारखाही पुसल्या गेल्या.

वेस्काम्प मास्तर आले होते. गावाला सातशे वर्षं होणार म्हणून ते एक पुस्तक करत होते, आणि त्यासाठी प्रत्येक शेताच्या नावाचं मूळ शोधत फिरत होते. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, साखळीत अडकू नये म्हणून पँटला लावलेले चिमटे काढून खिशात टाकले आणि कुणी बोलावण्याआधीच, बाबांना हाक मारत, स्वयंपाकघराकडे निघाले.

"आवेरबेक! या आत, तुमचं काम झालं. कॉफी असेल तर उत्तम, थेक्ला. नसेल तर दुसरं काही चालेल."

"तुमचं सगळंच चालतं, मास्तर."

"सासरी जायच्या वयात जीभ बरी चालते तुझी."

"मी कुठे जातेय? इथेच तर राहणार."

तिने काळा पाव आणि हॅम टेबलावर ठेवलं. बाबा आले, टोपी गुडघ्यावर ठेवून आपल्या खुर्चीत बसले. कोनराड आला, हात पुसत दाराशीच उभा राहिला. मास्तरांनी वही उघडली.

"नाव अगदी सरळ आहे. आवेर म्हणजे पलीकडे, बेक म्हणजे ओढा. ओढ्यापलीकडचा. चर्चमधून पाहिलं तर शेत ओढ्याच्या पलीकडे होतं."

"आता नाही," कोनराड म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं खरं होतं. पस्तीस साली सरकारने ओढा सरळ केला, तेव्हा तो घराच्या मागून गेला. शेत आता अलीकडे आलं होतं.

"ओढा हलला म्हणून नाव हलत नाही," बाबा म्हणाले.

"बरोबर," मास्तर दोघांनाही म्हणाले. "आणि तुझं, याश्के, तेही बघून ठेवलंय मी. याश्के म्हणजे योहानचा. कुणीतरी योहान होता, त्याची पोरं. तुमच्याकडे नाव माणसावरून पडतं. आमच्याकडे जमिनीवरून."

"माणूस गेला तरी ते बरोबर नेता येतं," कोनराड म्हणाला.

थेक्ला उठली, कॉफी ओतायला. कप भरलेलेच होते. ती पुन्हा बसली.

"आता गंमत ऐका," मास्तर म्हणाले. "टेलिफोनची पुस्तकं पाहिली, आजूबाजूच्या पाद्र्यांना पत्रं घातली. हॉलंडच्या सीमेपासून ओस्नाब्रुकपर्यंत एकसष्ट आवेरबेक घरं सापडली. दोन तर अमेरिकेत, ओहायोला. मला वाटलं, चला, केवढं हे कुळ! मग चर्चची वही काढली. तर रक्ताचं म्हणाल तर त्यांतल्या निम्म्यांचा निम्म्यांशी काही संबंध नाही. जो इथून बाहेर पडला तो नाव घेऊन गेला. जो आत आला त्याला ते दारात मिळालं. ह्या घरात दर दोन-तीन पिढ्यांनी मुलगे संपतात आणि बाहेरचा माणूस येतो. वाचू?"

"वाचा," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. कोनराडला ऐकवायला ह्याहून चांगलं काही नव्हतं.

मास्तरांनी चष्मा वर सरकवला आणि वर्गात हजेरी घ्यावी तसे, आडनाव आधी, वाचू लागले.

"सोळाशे ब्याऐंशी. लॅमर्स, गेर्ड. लग्न करून आला, पुढे आवेरबेक म्हणवला. सतराशे एकेचाळीस. होल्टमान, हिन्रिक. तोही आवेरबेक. अठराशे चार. श्टाइनकुल, आन्टोन. अठराशे अडुसष्ट. ब्र्युनिंग, हेर्मान. एकोणीसशे सव्वीस. टेन्कहॉफ, बेर्नहार्ड."

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

बाबा उभे राहिले होते. दोन्ही हात पँटच्या शिवणीला लागलेले, मान ताठ. टोपी खाली पडली होती.

"हजर," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. मास्तरांचं बोट ओळीवर तसंच राहिलं. बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग वाकून टोपी उचलली, झटकली, दोनदा झटकली.

"लाल गाईला बघायला हवं," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

मास्तरांनी वही मिटली. पाव तसाच टाकून ते निघाले. दारात म्हणाले, "मी आपला वाचत गेलो." थेक्लाने त्यांना पँटचे चिमटे लावायची आठवण केली.

ती परत आली तेव्हा कोनराड स्वयंपाकघरात नव्हता. दूध काढायची वेळ व्हायला आली होती. ती बादल्या घेऊन गोठ्याकडे गेली आणि अर्ध्या दाराशी थांबली. आतून बोलणं ऐकू येत होतं. बादल्या वाजू नयेत म्हणून तिने त्या अंगाशी धरल्या.

"मी तुला काही समजावत नाहीये," बाबांचा आवाज. "मला मागे लागायची सवय नाही."

"मी विचारलंही नाही."

"सातवा होतो मी. चार एकरांत सात पोरं. इथे गाई होत्या, जमीन होती, आणि थेक्लाची आई वाईट नव्हती. लग्न झाल्यावर तिसऱ्या रविवारी घरी गेलो. आमच्या घरी. आई दारात होती. मला बघितलं आणि आत वळून ओरडली, 'आवेरबेक आलेत, खुर्ची द्या रे.'"

लाल गाईने पाय बदलला. साखळी वाजली.

"मानाने म्हणाली ती," बाबा म्हणाले. "मोठ्या शेताचा झालो म्हणून. चांगली खुर्ची दिली. त्या घरात मी खुर्चीवर कधी बसलो नव्हतो. बाकावर बसायचो, भिंतीकडून तिसरा."

"मग?"

"मग काय. बसलो. कॉफी प्यालो."

"तुम्ही तिला काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? हिवाळ्यापर्यंत सवय झाली."

गव्हाणीत गवत टाकल्याचा आवाज आला.

"आणि नंतर?" कोनराडने विचारलं.

"नंतर टेन्कहॉफ अशी हाक आजच ऐकली."

थेक्ला तिथेच उभी होती. बादल्यांच्या कड्या बोटांत रुतत होत्या. तिला वाटलं, आता बाबा म्हणतील, लाव तुझं नाव. किंवा कोनराड म्हणेल, राहू द्या, मी होतो आवेरबेक. तसं काही झालं नाही. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "तो पिंप सरकव इकडे," आणि पिंप सरकल्याचा आवाज आला. दाराबाहेर कुणी उभं आहे का, हे पाहायला कुणी वळलं नाही.

त्या संध्याकाळी तिने एकटीने अकरा गाईंचं दूध काढलं, एरवी ती सात काढत असे. जेवताना सगळे नीट जेवले. पाटीचा विषय निघाला नाही.

शनिवारी सकाळी सहाला ती दूधघरात होती. काल पुसल्या गेलेल्या तारखा तिने आठवून पुन्हा लिहिल्या. मधे एक ओळ रिकामी राहिली होती. तिने खडू उचलला, एक नाव लिहिलं आणि ह्या वेळी पुसलं नाही.

क्योस्टर्सची गाडी फाटकातून आत आली. कॅन एकमेकांवर आपटत होते. त्याने लगाम खेचला आणि रोजच्यासारखी हाक मारली.

"आवेरबेक!"

बाबा गोठ्याच्या दारात उभे होते, गाडीपासून दहा पावलांवर. त्यांनी हाक ऐकली होती. ते बुटाला लागलेला चिखल फावड्याच्या कडेने काढू लागले. ट्रॅक्टरजवळ कोनराडने पान्याचा एक फेरा दिला, मग थांबला, पण वर पाहिलं नाही.

"आवेरबेक! झोपलात की काय सगळे? आना घरी ब्रश घेऊन बसलीय, मला खायला उठलीय. पाटीवर काय लिहायचं?"

घोड्याने मान झटकली. थेक्लाने एप्रनला हात पुसले. एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा कोनराडकडे. मग ती उंबरा ओलांडून बाहेर आली आणि गाडीच्या चाकापाशी जाऊन उभी राहिली.

"हं, बोला," ती म्हणाली.

"तुला नाही गं, थेक्ला. आवेरबेकना बोलाव."

"ऐकलं मी. बोला ना."

क्योस्टर्सने कानावरची पेन्सिल काढली. गुडघ्यावर कागद ठेवला आणि तिच्याकडे जरा वेळ बघत राहिला.

"वरच्या ओळीत थेक्ला आवेरबेक," ती म्हणाली. "खालच्या ओळीत कोनराड याश्के. अक्षरं सारखी. एक मोठं, एक लहान नको."

"अगं, असं कुठे असतं? एका दारावर दोन नावं? लोक मला विचारतील. आवेरबेक काय म्हणतात ते सांग."

"तेच सांगतेय."

क्योस्टर्सने तिच्या खांद्यावरून गोठ्याकडे पाहिलं. मग ट्रॅक्टरकडे. मग पुन्हा गोठ्याकडे. कुणी मान वर केली नाही, आणि कुणी नाहीही म्हटलं नाही. त्याने पेन्सिलचं टोक जिभेला लावलं.

"वरच्या ओळीत काय म्हणालीस?"