झाकण लावायचं राहिलं

मित्रांनो, माझ्या अंगावरचा कागद इतका पुसट झाला आहे की मी कोण, हे आता मलाच सांगावं लागतं. मी तपकिरी काचेची एक जुनी बाटली आहे. माझ्या पोटात गॅडोलिनियम क्लोराईड नावाचं मीठ आहे. दिसायला जाड्या साखरेसारखं, पांढरं. पण ते चाखायचं नाही हं, त्याला बोटही लावायचं नाही. माझ्याजवळ येणारं मोठं माणूससुद्धा आधी हातमोजे घालतं.

गॅडोलिनियम हा धातू जमिनीत एकटा राहत नाही. त्याची पुष्कळ भावंडं एकाच दगडात दाटीवाटीने बसलेली असतात, आणि सगळी इतकी सारखी की त्यांना वेगळं करताना माणसांच्या नाकी नऊ येतात. माझं मीठ असंच भावंडांतून उचललेलं. आम्लात विरघळवून, आटवून, त्याचे खडे केले आणि माझ्यात भरले. त्यानंतर त्याला घर म्हणजे मीच.

मी आले ती तळमजल्यावरच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत. लांबट खोली, डाग पडलेले ओटे, एक नळ कायम ठिबकणारा. तिथले सर उंच, किंचित वाकलेले. जाता-येता ते एकच म्हणायचे, झाकण लावलं का? मुलांनी त्यांचं नाव झाकणकाका पाडलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. एकदा कुणीतरी त्यांच्याच डब्याचं झाकण लपवून ठेवलं, तर हसले आणि उघड्या डब्यावर बशी पालथी घालून गेले.

माझ्या बाबतीत मात्र त्यांचं खरं होतं. माझं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण सैल राहिलं की खडे ओले होतात, एकमेकांना चिकटतात, मग त्यांचं वजनही खरं राहत नाही. म्हणून मला निळ्या मण्यांच्या काचेच्या हंडीत ठेवत. ओल लागली की ते मणी गुलाबी होतात. मणी गुलाबी दिसले की सर कामधाम सोडून धावायचे, तान्ह्या बाळाचं दुपटं ओलं झाल्यासारखे.

सर माझ्या मिठातला धातू मोठ्या रेणूंच्या पिंजऱ्यात कोंडायचे. मोकळा तो विषारी, पण पिंजऱ्यात पक्का बसला तर माणसाच्या शरीराची चित्रं काढणाऱ्या मोठ्या चुंबकी यंत्रात चित्र उजळ करतो. पिंजऱ्याची एक कडीही सैल असेल, तर ते सगळं फेकून पुन्हा सुरुवात करत. कधी यकृतावर काम करणारे लोक येऊन माझ्यातलं थोडं घेऊन जात. यकृतात कचरा गिळणाऱ्या पेशी असतात. माझ्या मिठाने त्या पेशींना गप्प केलं तर काय होतं, हे त्या लोकांना बघायचं असायचं. मला सगळे विचारायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एके दिवशी वरच्या मजल्यावरून ताई आली.

ती हृदयाच्या पेशींवर काम करायची. सगळी मुलं तिला ताईच म्हणत, कारण कुणी जेवलं नसेल तर ते तिला आधी कळायचं. तिला माझ्यातलं थोडं मीठ हवं होतं. सरांनी मलाच तिच्या हातात दिलं. पुन्हा पुन्हा एवढंच बजावलं, की झाकण घट्ट लाव. कशासाठी हवंय, हे त्यांनी विचारलं. कशात घालणार आहेस, हे विचारलं नाही.

मित्रांनो, ताईला एक धाकटा भाऊ होता. शाळेत जाणारा. खेळताना त्याच्या छातीवर चेंडू बसला. फार जोरात नाही. तो दोन पावलं पळाला, खाली बसला आणि पुन्हा उठलाच नाही. जन्मापासूनच हृदय नाजूक असेल, असं डॉक्टर म्हणाले. ते एक वाक्य घरात येऊन बसलं आणि कधी गेलं नाही.

हे मला कळलं ते ताईची आई एकदा वरच्या प्रयोगशाळेत आली तेव्हा. ताई चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला. मला हंडीत निळ्या मण्यांवर बसलेली पाहून आई म्हणाली, "घरी मिठाला एवढं जपलं असतंस, तर बरणीला कधी पाणी सुटलं नसतं." दोघी हसल्या. मग आईने चष्मा पदराने पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

"यातून कळेल का गं?" तिने विचारलं. "माझ्याच पोटात त्याचं काहीतरी कमी राहिलं होतं का? आणि वर मीच त्याला म्हटलं, सारखा घरात काय बसतोस, जा खेळायला."

ताई म्हणाली, "कळेल, आई. थोडं थांब."

ताई काय शोधत होती, ते सोप्या शब्दांत सांगते. हृदयाच्या पेशी ताटलीतही आपापल्या ठेक्यात धडधडतात. ताई त्यांना रबरासारख्या पातळ पडद्यावर वाढवायची आणि एका यंत्राने पडदा खेचायची. ताण बसला की पेशींचा ठेका चुकायचा. ताईला वाटायचं, प्रत्येक पेशीला बारीक दारं असतात, ती ताणाने भलत्या वेळी उघडतात, म्हणून हे होतं. निरोगी हृदयालासुद्धा अशी दारं असतातच, आणि छातीवर चेंडू आदळला की त्यांनाही असाच ताण बसतो. तिच्या विभागाच्या प्रमुख बाई मात्र म्हणायच्या, दारंबिरं काही नाही, खेचल्याने पेशी फाटत असतील.

माझा धातू त्या दारांमध्ये जाऊन बसतो आणि ती बंद करतो. तो घातल्यावर तितकाच ताण देऊनही ठेका टिकला, तर पेशी फाटल्या नव्हत्या, नुसती दारं उघडली होती, असं म्हणता आलं असतं. मग ताई आईला सांगू शकली असती, की आई, तुझ्या पोटात काही कमी राहिलं नव्हतं. धडधाकट पोराच्या बाबतीतही हे घडू शकतं.

खेचायचं यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार होतं. ताईला शेवटची संधी मिळाली. तिने मला उघडलं, मीठ तोललं, झाकण घट्ट लावलं आणि मीठ पेशींच्या नेहमीच्या पाण्यात घातलं. पेशींवर काम करणारी माणसं ज्यात सगळं धुतात, भिजवतात, तेच हे पाणी. त्यात फॉस्फेट असतं. ते त्यांच्या इतकं सवयीचं की त्यात काही आहे, हेच ती विसरतात. आपल्याला नळाच्या पाण्याचं वाटतं, तसं.

द्रावण किंचित धुरकट झालं. ताईने ते उजेडात धरलं, डोळे बारीक केले आणि काच नीट धुतली नसेल असं समजून पुढे गेली.

माझ्या धातूने फॉस्फेटला घट्ट धरलं होतं. तो बारीक पांढरी धूळ होऊन तळाला निघाला होता. पेशींपर्यंत तो पोहोचलाच नाही. मी पाहत होते, पण बाटलीला तोंड असतं, बोलता येत नाही.

पेशी ताणल्या आणि ठेका चुकला. पुन्हा ताणल्या, पुन्हा चुकला. म्हणजे ताईचं म्हणणं खोटं ठरलं. यंत्र गेलं. ताईने उरलेलं द्रावण एका कुपीत भरून माझ्या शेजारी ठेवलं. का, ते मला माहीत नाही. टाकवलं नसेल. मग ओट्यावर हात टेकून, आईला काय सांगायचं ते हळू आवाजात म्हणून पाहिलं. "आई, तसं नाही निघालं."

आईने त्याचा अर्थ काय घेतला असेल, ते तुम्हाला कळतंच आहे.

त्यानंतर ताई विद्यार्थ्यांना शिकवू लागली. मी कपाटात पडून राहिले. आधी ताई मधूनच येऊन मणी बदलायची, पुढे तेही क्वचित. वर्षं गेली.

मग झाकणकाका निवृत्त व्हायला निघाले. आपल्या उसन्या दिलेल्या बाटल्या गोळा करत ते वर आले. मला हातात घेऊन खूश झाले, झाकण अजून घट्ट होतं. शेजारची कुपी त्यांनी उचलली. तिच्या तळाला पांढरा साका होता.

"हे कशात घातलं होतंस?"

ताईने सांगितलं. सर स्टुलावर बसले. त्यांनी कुपी हलवली. पांढरं वर आलं आणि पुन्हा खाली बसलं.

"अगं, फॉस्फेटमध्ये ते टिकतच नाही. आमच्याकडे हे पोरासोरांना ठाऊक असतं," ते म्हणाले. मग कुपी ओट्यावर ठेवून म्हणाले, "मी विचारायला हवं होतं."

त्यांनी तिच्यासाठी ते यंत्र एका दुपारपुरतं मागून आणलं. या वेळी पाण्यात फॉस्फेट नव्हतं. द्रावण स्वच्छ राहिलं. पेशी ताणल्या. ठेका चुकला नाही. पुन्हा ताणल्या, तरी नाही. सर म्हणाले, एका प्रयोगाने सगळं सिद्ध होत नाही. ताई म्हणाली, मला सगळं सिद्ध करायचंच नाहीये, मला घरी जायचंय.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि सरांसमोर बसली. तिची आई आता बरंच विसरली होती. मुलगा होता, हेच विसरली होती. फक्त दुपार कलली की उठून दाराला आतून कडी लावायची आणि दाराशी बसून राहायची. कुणालाच बाहेर जाऊ द्यायची नाही. का, ते तिला सांगता यायचं नाही.

ताईने तिला सगळं सांगितलं होतं. एक मुलगा होता, त्याचं हृदय चांगलं धडधाकट होतं, त्याच्या आईचं काही म्हणजे काही चुकलं नव्हतं.

"ऐकून काय म्हणाल्या?" सरांनी विचारलं.

"म्हणाली, बिचारी. त्या आईला कुणीतरी जाऊन सांगा गं."

ताईच्या हातात मी होते, उघडी. तिने मला ओट्यावर ठेवलं आणि ती निघून गेली. सरही गेले. त्या दिवशी माझं झाकण कुणीच लावलं नाही. झाकणकाकांनीसुद्धा नाही.

मित्रांनो, मला रडता येत नाही. पण माझं मीठ उघडं राहिलं की हवेतलं पाणी ओढून घेतं. आता माझ्या पोटात खडे कमी आणि ओल जास्त आहे. नष्ट करायच्या रसायनांच्या खोक्यात मला ठेवलंय, तिथूनच बोलते आहे.

तुम्ही मोठे व्हाल, एकमेकांच्या हातात मौल्यवान वस्तू द्याल. झाकण लाव, हे सांगाच. पण कशात घालणार आहेस, हेही विचारा. काही धुरकट दिसलं, तर तिथे थोडं थांबा. आणि घरी कुणी स्वतःला दोष देत दाराशी बसलं असेल, तर प्रयोग पुरा व्हायची वाट पाहू नका. तुझं काही चुकलं नाही, हे त्याला आजच सांगा. ऐकणारं माणूस आत आहे, तोवर सांगा.