गप्प बसण्याचा भाव

पुंडलिकराव जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. तिथं काय तयार होतं ते बाहेर बोलायची सक्त मनाई. त्यांनी ती इतकी पाळली की बायकोला शेवटपर्यंत वाटत होतं, आपला नवरा तिथं बसगाड्या धुतो. पण एवढं सगळं न बोललेलं जाणार कुठं? ते त्यांच्या गावी, कोंढ्याच्या मंडईत बाहेर पडायचं. दिवाळी झाली की गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, लेकी-जावई येतात, भरदुपारी मांडवात दंडार उभी राहते: ढोलकी, नाच, सोंगं, सगळं. आणि दंडारीच्या आधी माईकवर उभे राहतात पुंडलिकराव. कोणी पाच रुपये वर्गणी दिली तरी देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, यंदाचं धान कसं आहे, हे सांगून झाल्याशिवाय ढोलकीवर थाप पडत नसे. तोवर सोंगाड्यांच्या तोंडावरचा रंग वाळून पोपडे पडत.

यंदा मंडईत मोनूसाठी पैसा जमवायचं ठरलं होतं. मोनू म्हणजे तुलारामचा पोरगा, चौथीतला. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला होता. औषधं सरकारी योजनेत बसली. नागपुरातली भाड्याची खोली, जाणं-येणं आणि तुलारामची बुडालेली मजुरी मात्र कुठल्याच योजनेत बसली नाही.

मंडईच्या आदल्या दिवशी मोनूची आई बेबीबाई पुंडलिकरावांकडे आली.

"काकाजी, पैसे जमा करा, मी नाही म्हणत नाही. पण बिमारीचं नाव माईकवर घेऊ नोका. मोनूले आमी सांगतलं नाही. रक्त पातळ झालं, एवढंच मालूम आहे त्याले."

"बरं."

"आन् त्याले वर बी नोका बलावू. डाक्टरनं गर्दीत नेऊ नोका म्हणलं. घरच्या स्लॅबवरून पाहीन तो. भोंगा आमच्याच दारातल्या खांबाले बांधला आहे. तुमी बोलान ते सारं त्याले आयकू येते."

"बरं."

लागोपाठ दोनदा नुसतं 'बरं' ऐकून बेबीबाईच घाबरली. "तब्येत ठीक आहे ना जी तुमची?"

तब्येत ठीक होती, भाषणाची वाट लागली होती. पुंडलिकरावांनी ते मनात जुळवून ठेवलं होतं. त्यात 'कोवळी कळी' दोनदा आणि 'काळाचा घाला' एकदा येत होता.

मंडई समितीचे अध्यक्ष गोपाळराव, धानाच्या गिरणीचे मालक, यांनी तर प्लायवूडचा दाराएवढा चेक रंगवून आणला होता. "पोराले वर बलावा," ते म्हणाले. "टोपी काढून उभा करा. लोकायच्या डोळ्यात पाणी आल्याबिगर हात खिशात जात नाही."

"मायनं नाही म्हणलं."

"मंग लोकं देतीन कायले?"

गोपाळराव चुकीचं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. पुंडलिकरावांनी माईक फुंकला, सवयीनं सुरुवात केली, "मंडळी, आज एका कोवळ्या..." आणि नजर समोर गेली. स्लॅबवर लोकरी टोपी घातलेला, तोंडाला मास्क लावलेला मोनू कठड्याला रेलून उभा होता. त्यानं हात हलवला. पुंडलिकरावांचं वाक्य तिथंच बसलं. उठेचना.

तेव्हा सोंगाड्या जागेश्वर तोंड रंगवलेला पुढं आला. "आबाजी, हे घ्या धा रुपये, आन् बसा खाली. माहा रंग सुकून राहिला."

मांडव हसला. पुंडलिकरावांनी नोट उजेडात धरून पाहिली, समोरच्या वर्गणीच्या डब्यात टाकली आणि गंभीरपणे सांगितलं, "जागेश्वरनं मले गप्प बसवाले धा रुपये दिले. धा रुपयापुरता गप्प बसतो." बसले. जरा वेळानं उठले. "धा रुपये सरले. आता गोपाळरावांच्या गिरणीचा इतिहास आयका. पयलं पोतं जे आलं..."

"नोका जी!" बायकांच्या बाजूनं रत्नाबाई ओरडली. तिनं नोट पाठवली. तिच्यामागं आणखी आल्या. पुंडलिकराव बसायचे, पैसे संपले की उठायचे, तोंड उघडायचे. उघडलेलं तोंड पाहूनच लोक खिसे चाचपायचे. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, लोक आपलं ऐकतात. आज खरा भाव कळला. पण डबा भरत होता, आणि कोणासाठी ते कोणी विचारत नव्हतं. गावाला माहीतच होतं.

गोपाळरावांना मात्र राहवेना. "बोलाचा काय भाव आहे?"

"दुप्पट."

त्यांनी पाचशेची नोट चारी बाजूंना दाखवून डब्यात टाकली आणि माईक घेतला. "बंधू-भगिनींनो, आज आपण ज्या चिमुकल्यासाठी जमलो आहोत, त्याला झालेला जो भयंकर आजार..."

भोंगा घुमला. मोनू कठड्यावरून आणखी पुढं वाकला.

पुंडलिकराव उठले. खिशात पेन्शनचे काढून आणलेले पैसे होते, त्यांनी ते न मोजता डब्यात घातले. "हे माह्याकडून. अध्यक्षांनी इथंच थांबावं."

मांडवात कोणी हसलं नाही. मग मागून आवाज आला, "माह्याकडून बी!" आणि डबा हातोहात मागं गेला. गोपाळराव उघड्या तोंडानं उभे राहिले. त्यांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं, मग पुंडलिकराव पाहत होते तिकडं, स्लॅबकडं. माईक खाली ठेवला. "वाजवा रे," ते हळूच म्हणाले.

प्लायवूडच्या चेकची दंडारीत खाट झाली. जागेश्वर तिच्यावर पडून छान घोरला.

ऊन उतरल्यावर पुंडलिकरावांनी डबा बेबीबाईच्या हाती दिला. ती चहा ठेवायला आत गेली, तेव्हा ते तोंडाला रुमाल बांधून वर गेले.

"आबाजी," मोनू म्हणाला, "आज तुमी लय चांगले बोलले."

"मी बोललोच कुठं?"

"म्हनूनच." मोनूनं खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि अंतर राखून कठड्यावर ठेवलं. "हे घ्या. आईले सांगू नोका."

"काय?"

"मले मालूम आहे काय झालं ते. दवाखान्यात वार्डाच्या पाटीवर लिवून राह्यते. मी चौथीत आहो, मले वाचता येते." त्यानं जिन्याकडं पाहिलं. "आईले वाटते मले मालूम नाही. थे खुश राह्यते मंग."

पुंडलिकरावांनी नाणं उचललं. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. पण पैसे घेतले होते.

खाली बेबीबाईनं कप पुढं केला. "काय म्हणत होता जी मोनू?"

"दंडार चांगली झाली म्हणे."

"आन्?"

"आन् काही नाही," पुंडलिकराव म्हणाले, आणि नाण्यावर मूठ झाकून चहा प्याले.