केसाएवढी धार

गर्भाशय खाली उतरलेल्या बायकांना आतून आधार देणाऱ्या सिलिकॉनच्या रिंगा त्या कारखान्यात बनत. तपासणीला बसलेल्या मावशींनी एका रिंगेवरून बोट फिरवलं. साच्याच्या सांध्यावर केसाएवढी धार राहिली होती. त्यांनी पेटीतल्या आणखी तीन बघितल्या. तिन्हींना तेच.

"दारात भरताय ती मालाची गाडी थांबवा," त्या म्हणाल्या.

सुपरवायझर डोक्यावर येऊन उभा राहिला. "मशीननं पास केलाय माल. आणि हातमोजा कुठाय तुमचा?"

"मोज्यातून धार कळत नाही."

"एवढीशी रेघ, मावशी. कोणाला टोचणार आहे?"

पेट्या उचलणारे चौघे हसले. सहा वर्षं सख्ख्या बहिणीलाही न सांगितलेली गोष्ट मावशींच्या ओठांवर येऊन अडली होती. मग मनाचा हिय्या करून त्या बोलल्या.

"मला टोचली होती. महिनाभर रक्त जात होतं. दुसरी बसवली, ती आत्ताही अंगात आहे. ती घालूनच मी या स्टुलावर आठ तास बसते, साहेब. तुमचं मशीन बसतं का?"

हसणं जागच्या जागी विरलं. सुपरवायझरनं स्वतःचा हातमोजा काढला.