पाहुणं कार्ड

कार्ड अजून कोमट होतं.

हरीशनं ते दोन बोटांत धरून उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. प्लास्टिकखाली खांद्यावर बॅट घेतलेला बेसबॉलवाला एडी क्रोल नेहमीसारखाच हसत होता, उलट जरा जास्तच चकाकून हसत होता. चारी बाजूंनी नखाएवढी किनार सोडलेली, कोपरे गोल कापलेले, आत हवेचा एक बुडबुडा नाही. काम इतकं चोख होतं की हरीशला खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"कसं झालंय?" दिनकररावांनी मशीनचं बटण बंद करत विचारलं. "एक कोपरा वाकला होता बघा. आधी त्याच्यावरनं इस्त्री फिरवली, मग आत घातलं. आता पाण्यात टाका, चहात बुडवा, काही होत नाही त्याला."

"बाबा, हे..."

"असू दे, असू दे. आभार कसले मानताय हरीशराव! तुम्हीच म्हणाला की परवा जेवताना, हे फार जपायचंय म्हणून. ज्या डबीत ठेवलं होतं तिचं तोंड वरनं उघडं. म्हटलं, ह्याला जपणं म्हणत्यात होय?"

हरीश "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? सासरे समोर उभे, चेहऱ्यावर बोहल्यावरच्या नवरदेवाचं तेज, आणि सकाळचे नऊ वाजलेले. अकरा वाजता हे कार्ड त्याच्या मालकाला परत द्यायचं होतं.

दिनकरराव कोण, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही त्यांना उगाच नावं ठेवणार नाही. मिरजेत तहसील कचेरीबाहेर त्यांची झेरॉक्स आणि लॅमिनेशनची टपरी होती. सगळा जन्म त्यांनी लोकांचे कागद बंद करण्यात घालवला. जातीचे दाखले, गुणपत्रिका, रेशनकार्डं, लष्करातून सुटल्याचे कागद. एका शेतकऱ्याचा सातबारा म्हणे शेळीनं गिळला. दिनकररावांच्या हातचा असल्यामुळे तो यथावकाश शेळीच्या दुसऱ्या बाजूनं जसाच्या तसा बाहेर आला, आणि तलाठ्यानं नाक दाबून का होईना, मान्य केला. ही गोष्ट ज्यांना खरी वाटत नाही त्यांनी मिरजेला जाऊन शेळीला विचारावं.

टपरी विकली तरी लहान मशीन त्यांनी ठेवलं. मुलीकडे, जर्मनीत त्सुफेनहाउझेनला येताना ते बॅगेत धोतरांच्या मधोमध घालून आणलं. फ्रँकफुर्टच्या कस्टमवाल्यानं बॅग उघडली तेव्हा खुणांनी समजावून सांगायला म्हणून यांनी तिथंच मशीन लावून त्याचं ओळखपत्र लॅमिनेट करून दिलं, असं सुरुची सांगते. ती त्यांचीच मुलगी, तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्या. पण बिल्डिंगमध्ये जिना झाडायची पाळी ज्याची असेल त्याच्या दाराला अडकवतात ती केर्वोखेची पाटी त्यांनी लॅमिनेट केली, हे मी स्वतः पाहिलंय. शेजारच्या बाईंनी त्याबद्दल त्यांना अख्खा केक दिला होता. तेव्हापासून घरात न चिकटवलेला कागद सापडणं अवघड झालं होतं.

हरीशनं स्वयंपाकघराचं दार लावलं आणि सुरुचीपुढे कार्ड धरलं. तिनं ते पाहिलं आणि खाली बसली.

"हे वाइडलेंचं ना?"

"हो."

"सोलून निघेल का?"

"गरम गोंद असतो तो. कागदात मुरलाय. सोललं तर निम्मा एडी क्रोल या बाजूला जाईल आणि निम्मा त्या बाजूला."

तरी त्यानं पातळ ब्लेड आणलं. किनारीत टोक घातलं. जरा दाबलं तर कागदाची तंतूएवढी पापडी सुटून ब्लेडला आली. सुरुचीनं त्याचं मनगट धरलं.

"ठेव ते. उरलंय तेवढं तरी राहू दे. असं दुसरं मिळत नाही का रे कुठे?"

"मिळतं की. बाजारात त्याला कुत्रं विचारत नाही. पण वाइडलेंचं हेच आहे."

बेसबॉल हा खेळ हरीशनं आजवर एकदाही नीट पाहिलेला नव्हता, हे सांगितलं तर तुम्ही हसाल. लहानपणी मिरजेत तो च्युइंगगमबरोबर येणारी क्रिकेटवाल्यांची कार्डं गोळा करायचा. नोकरीसाठी इथं आला तेव्हा कारखान्यात काम चोख, पण शुक्रवारी संध्याकाळी "शोनेस वोखनएंड", सुट्टी मजेत जावो, म्हटलं की सोमवारी सकाळपर्यंत कुणाशी शब्द नाही. अशाच एका रविवारी तो कॉर्नवेस्टहाइमच्या एका क्रीडा मंडळाच्या फेराइन्सहाइममध्ये, म्हणजे मंडळाच्या उपाहारगृहात, कॉफी प्यायला शिरला. मागच्या हॉलमध्ये चांगली मोठी माणसं टेबलांवर ओणवी होऊन कार्डं बदलत होती. तुझ्याकडे डबल आहे का, मला हा हवा, त्याच्या बदल्यात हे दोन घे. भाषा जर्मन, पण हरीशला सगळं कळलं. त्या दिवसापासून तो त्यांच्यातला झाला.

त्या मंडळींची एक रीत होती. मोठी अदलाबदल करायची तर दोघांची कार्डं आधी आठवडाभर एकमेकांच्या घरी राहायला जायची. याला ते बेझूख म्हणत, पाहुणचार. कार्डाबरोबर राहून पाहायचं, मग हो किंवा नाही. त्याची पावती नाही की सही नाही. ज्याच्या घरी पाहुण्याला धक्का लागला त्याला कुणी काही बोलत नसे. फक्त पुढच्या रविवारी त्याच्या टेबलाशी कुणी येत नसे.

आणि वाइडले म्हातारबाबांनी एडी क्रोल आजवर कुणाच्याही घरी पाठवला नव्हता. टेकडीवरच्या अमेरिकन छावणीतल्या एका सैनिकानं लहानपणी त्यांना गमसकट दिलेलं ते कार्ड. हरीशचं क्रिकेटचं कार्डसुद्धा गमबरोबरच आलेलं, हे कळल्यावर त्यांनी ते उजेडात धरून नीट पाहिलं. मग स्वतःच म्हणाले, "आल्झो, बरं तर, हरीश. याला तुझ्याकडे घेऊन जा. तुझा माझ्याकडे राहू दे." हॉलमधल्या सगळ्यांनी वळून पाहिलं होतं.

"त्यांना काय सांगायचं मग?" सुरुचीनं विचारलं.

"तेच जुळवतोय. ट्रेनमध्ये हरवलं म्हणू?"

"म्हणजे जन्मभर शोधत बसतील ते."

"मग मीच केलं म्हणून सांगतो."

सुरुची त्याच्याकडे बघत राहिली. "बाबांना कळू देऊ नकोस हं. आई गेल्यापासून ते मशीन चालू असतं तेवढा वेळ माणूस बरा असतो रे. हात कामाचा आहे असं वाटतं त्यांना."

"मी कुठे काय बोललोय त्यांना?"

"तोंड बघ आरशात. न बोलताच सगळं सांगतंय."

दार उघडलं तर दिनकरराव बूट घालून, मफलर गुंडाळून तयार. "मी पण येतो. गिऱ्हाईक कोण आहे ते बघू तरी."

"बाबा, तिथं तुम्हाला कंटाळा येईल. सगळं जर्मनमध्ये."

"कचेरीबाहेर इतकी वर्षं बसलो हरीशराव, तिथं साहेब काय बोलायचे ते तरी कुठं कळत होतं?"

त्यांना नाही म्हणायला कारण सापडेना. त्सुफेनहाउझेन ते कॉर्नवेस्टहाइम, एस-बानचं, म्हणजे तिथल्या लोकलचं, अंतर एवढुसं. पण त्या रविवारी गाडी पॅरिसवरून वळवली असावी असं हरीशला वाटलं. तो ओठांतल्या ओठांत जर्मन वाक्य जुळवत होता. क्रियापद शेवटी नेईपर्यंत त्याला घाम फुटत होता. समोर दिनकरराव खिडकीबाहेर बघत होते. मधेच त्यांनी विचारलं, "बिघडलंय का काही?"

"नाही हो."

"नाही, घरातनं निघाल्यापासून तुम्ही ते खिशातनं एकदाबी काढून बघितलं नाही. चांगलं झालेलं काम माणूस सारखं काढून बघतो."

हरीशनं उगाच मोबाइल काढला.

हॉल भरलेला होता. कॉफीचा आणि ताज्या ब्रेत्सेल-पावाचा वास, कार्डांच्या पाकिटांची सळसळ. बसड्रायव्हर युर्गन एका बाईंपुढे असा काही उसासा टाकत होता की जणू किडनी काढून देतोय; बाई हलल्या नाहीत, तेव्हा त्यानं गुपचूप दुसरं कार्डही पुढे सरकवलं, आणि ते हातात पडताच बाई शाळेतल्या मुलीसारख्या खिदळल्या. दिनकरराव बघत होते. इथं लोक कार्ड कडेनं धरत होते, बोटाच्या टोकांवर, फुलपाखरू धरावं तसं. त्यांची पावलं हळू झाली.

वाइडले खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. समोर बिअरचा ग्लास, बाजूला हरीशचं क्रिकेटचं कार्ड स्वच्छ रुमालात गुंडाळलेलं. "काय रे, हरीश!" ते उठले. "तुझा पाहुणा फार गुणी. मी त्याला रोज बागेकडे तोंड करून ठेवत होतो. माझा कसा वागला?"

आजूबाजूची चार डोकी जवळ आली. ही अदलाबदल सगळ्यांनाच बघायची होती.

हरीशनं खिशात हात घातला. हात बाहेर यायला तयार नव्हता. शेवटी त्यानं ते टेबलावर ठेवलं आणि वरच्या दिव्याचा उजेड त्यावर आरशासारखा चमकला.

"उम गॉटेस विलन, देवा रे," युर्गन पुटपुटला.

"हेर वाइडले," हरीश म्हणाला, "मी केलं हे. मला वाटलं, सुरक्षित राहील. माझी चूक झाली." वाक्य बरोबर आलं. सगळी क्रियापदं जागच्या जागी.

युर्गन आपलं पाकीट उचलून एक पाऊल मागं सरकला. मग त्या बाई सरकल्या.

दिनकररावांनी त्या मागं सरकणाऱ्या पायांकडे पाहिलं. मग जावयाच्या कानांकडे, ते लालभडक झाले होते. "हरीशराव, काय सांगितलं तुम्ही ह्यांना?"

"काही नाही बाबा. नंतर सांगतो."

"इश म्हणाला तुम्ही. इश म्हणजे मी. केर्वोखेच्या बाईंनी शिकवलंय मला." ते पुढं झाले, टेबलाशी उभे राहिले आणि त्यांनी आपल्या छातीवर तळहात ठेवला. "इश," ते वाइडलेंना म्हणाले. मग हरीशकडे बोट करून मान हलवली. "हे नाही. हे काम माझ्या हातचं आहे. ह्यांना माहीत पण नव्हतं. सांगा, हरीशराव. जसंच्या तसं सांगा."

हरीशनं सांगितलं. या वेळी वाक्यं मोडकीतोडकी आली. टपरी, मिरज, लोकांचे कागद, सगळं आलं. "त्यांना जपायचं होतं," हे तो दोनदा म्हणाला.

वाइडलेंनी कार्ड उचललं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग त्यांनी ते नाकाशी नेलं.

हॉलमधल्या जुन्या मंडळींनी माना खाली घातल्या. म्हातारबाबा दर रविवारी हे कार्ड डबीतून अर्धं वर काढून असाच श्वास घ्यायचे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यात अजून गमचा गोडसर वास आहे, आणि त्या सैनिकाच्या तंबाखूचाही, असं ते म्हणत. इतरांना कधी कसलाच वास आला नव्हता, पण तसं कुणी बोलून दाखवलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा एकदा श्वास घेतला, डोळे मिटून. मग कार्ड खाली केलं.

दिनकररावांचा हात छातीवरून हळूच खाली आला. त्यांना भाषांतर लागलं नाही. सगळा जन्म ज्यांनी लोकांना "आता काळजी नाही" म्हणून कागद परत केले, त्यांना आज म्हणायला दुसरं वाक्य नव्हतं. ते मान वर ठेवून तसेच उभे राहिले.

"अदलाबदल नाही होणार आता, हरीश," वाइडले सावकाश म्हणाले. "हे आता देता येण्यासारखं राहिलं नाही." त्यांनी रुमालातलं क्रिकेटचं कार्ड त्याच्यापुढे सरकवलं. हरीशनं मान हलवली.

मग वाइडलेंनी पायानं शेजारची खुर्ची बाहेर ढकलली. दिनकररावांकडे पाहून ते म्हणाले, "सेट्सन झी झिश." आणि ऐकू आलं नसेल म्हणून खुर्चीच्या पाठीवर दोनदा थाप मारली.

दिनकरराव बसले. एक म्हातारा मिरजेचा, एक कॉर्नवेस्टहाइमचा, दोघं खिडकीबाहेरच्या ओल्या मैदानाकडे बघत राहिले. मधे एडी क्रोल, डबीबाहेर, टेबलावर. कुणीतरी आणखी एक ग्लास आणून दिनकररावांपुढे ठेवला, काठोकाठ भरलेला. ठेवताना फेस उतू गेला आणि बिअरचा ओघळ टेबलावरून सरळ कार्डाखाली शिरला, वरही चढला.

युर्गनचा हात नकळत पुढं आला. त्या मंडळीत दुसऱ्याच्या कार्डाला विचारल्याशिवाय कुणी बोट लावत नसे, त्यामुळे तो हात तिथंच थांबला. पण दिनकररावांनी खिशातून रुमाल काढला, कार्ड उचललं आणि पुसलं. पुढून, मग मागून, मग चारी कडांनी.

वाइडलेंनी त्यांना पुसू दिलं. कार्डाला काही झालं नव्हतं. आता कधीच काही होणार नव्हतं.