फळ्यावरची रजा

मी मिटिंगरूममधला पांढरा फळा बोलतोय. हसू नका, मलाही तोंड आहे. फक्त त्यावर कायम दुसरेच लिहितात.

मला इथे टांगलं तेव्हा कंपनी नवी होती. पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांनी लिहिलं, 'आपण एक कुटुंब आहोत.' टाळ्या पडल्या. मीही भारावलो, खोटं कशाला सांगू! मग मॅनेजरनी कामांची यादी लिहिली. सात कामं, आणि सातही कामांपुढे क्रमांक एकच, पहिला.

"यातलं आधी कुठलं करू?" मास्तरने विचारलं.

"सगळंच आधी."

आता बोला!

मास्तर म्हणजे आमचा सगळ्यात जुना प्रोग्रामर. कुणाचंही अडलं की बसून समजावायचा, म्हणून हे नाव पडलं. तीन मॅनेजर आले आणि गेले, पण याद्यांची तऱ्हा तीच. सॉफ्टवेअर चालायचं ते मास्तरच्या जिवावर. ते कसं चालतं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यासाठी त्याने वेळ मागितला की "नंतर बघू" हे ठरलेलं उत्तर.

अशात त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आई गावी एकटीच. त्याने रजा मागितली, तर चौथे मॅनेजर म्हणाले, "तू गेलास आणि काही बंद पडलं तर? आधी कुणाला तरी तयार कर, मग जा."

तीन दुपारी तो माझ्यासमोर उभा राहिला. चौकोन, बाण, कुठे काय अडकतं, अडकलं तर काय करायचं, सगळं लिहिलं. समोर टेस्टिंगच्या बाई बसलेल्या. चुका काढण्यात त्यांचा हात कोण धरणार! "हा बाण इकडे का? पुन्हा सांग," म्हणत त्यांनी त्याला भंडावून सोडलं. मी मात्र सुखावलो होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्यावर कुणीतरी मनापासून लिहीत होतं. कोपऱ्यात त्याने लिहिलं, 'कृपया पुसू नका.'

निघायच्या दिवशी सकाळी मॅनेजर आले, डस्टर उचललं आणि मला लख्ख केलं. त्यांना नवी यादी लिहायची होती, लिहिलीही. मला ओरडता आलं असतं तर!

मास्तर प्रवासाची बॅग घेऊन आला आणि दारातच थबकला.

"फोटो काढला असशील ना?" मॅनेजरनी विचारलं.

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग परत काढ सगळं. उद्या जा."

"उद्या सकाळी ऑपरेशन आहे..."

कोपऱ्यात बसलेल्या बाई उठल्या. मॅनेजरच्या देखत त्यांनी ती यादी पुसली आणि पेन हातात घेतलं. एकेक चौकोन, एकेक बाण उमटू लागला. मध्येच त्या अडखळल्या. मास्तर काही सांगणार, तोच म्हणाल्या, "गप्प! आठवतंय मला." आणि आठवलंही. शेवटचा बाण काढून त्या वळल्या.

"काय राहिलं?"

"काही नाही," तो म्हणाला.

"मग इथे काय करतोयस? आईकडे जा, बाळा."

मास्तर गेला.

ही परवाची गोष्ट. मी आता पिवळट पडलोय, कडा उचकटल्यात. उद्या माझ्या जागी मोठा स्क्रीन लावतील, लावोत बापडे. फळा पुसण्यासाठीच असतो, त्याची तक्रार नाही. फक्त हात लावण्याआधी मागे वळून विचारत जा, "हे कुणाचं आहे?" एवढंच माझं मागणं.

थांबा, माझ्यासमोर बसलेल्या बाईंचा फोन वाजतोय. मास्तरच्या फोनवरून त्याची आई बोलतेय, आवाज थेट माझ्यापर्यंत येतोय.

"पट्टी काढली गं! डोळा उघडला तर समोर हाच. किती वाळलाय गं माझा पोरगा!"