काचेपलीकडचा पेटारा

‘जुनं झालंय, आता नवं घेऊ या!’ हे वाक्य तुमच्या घरात कधीच कोणी म्हणत नसेल, तर तुमचं घर नक्की कुठल्या ग्रहावर आहे ते कळवा. भिंगरीच्या घरात मात्र सकाळ-संध्याकाळ त्याचाच जप चालू होता, आणि जप करणारी होती स्वतः भिंगरी.

भिंगरी म्हणजे घरातली धाकटी. नुसती उभी राहिली तरी पाय थिरकतात, म्हणून भिंगरी. आणि तिचं दुःख म्हणजे पेटारा! बाबांनी लग्नाआधी हौसेने घेतलेली गाण्यांची सिस्टीम. मधे यंत्र, दोन्ही बाजूंना लाकडी खोक्यांसारखे ढब्बू स्पीकर. वायरने फोन जोडला की घुमायला लागायची. शाळेच्या कार्यक्रमाची तालीम गच्चीवर व्हायची ती याच पेटाऱ्यावर.

आणि मग शेजारच्या मैत्रिणीकडे, चकमककडे, नवा स्पीकर आला.

तळहातावर मावेल एवढा. ना वायर, ना वजन. शिवाय भोवताली गोल-गोल फिरणारे रंगीत दिवे! तालमीच्या सगळ्या मुली त्याच्याभोवती गोळा झाल्या. “भिंगरी, तुझा पेटारा राहू दे गं घरी,” चकमक लाडात म्हणाली, “जिना चढवताना आमच्या पाठी मोडतात!”

सगळ्या हसल्या. भिंगरीही हसली, पण आतून तिची नुसती लाही लाही होत होती. तालमीत तिचं पाऊल चुकलं. गणिताच्या तासाला बाईंनी फळ्यावर वर्तुळ काढलं, तर त्यातही तिला दिवेच फिरताना दिसले. चकमकच्या स्पीकरला काहीतरी व्हावं, निदान एक तरी दिवा विझावा, अशी तिची इच्छा होती.

झालं उलटंच. पेटाऱ्याची उजवी बाजू मुकी झाली आणि डावी खरखरायला लागली. भिंगरी आनंदाने उडायचीच बाकी!

“दुरुस्तीच्या दुकानात दाखवू,” बाबा म्हणाले. “तिथल्या मावशी म्हणाल्या की गेला, तर नवा आणू. त्यांचा शब्द शेवटचा.”

शनिवारी शाळा सुटल्यावर बाबांनी पेटारा दुकानात ठेवला आणि भिंगरीला तिथे बसवून ते कामाला गेले. दुकान कसलं, पोट उघडून ठेवलेल्या वस्तूंचा दवाखानाच! पंखे, मिक्सर, रेडिओ, आणि मधे कपाळावर चष्मा चढवून बसलेल्या मावशी. त्या ब्रशने पेटाऱ्याची धूळ झटकत होत्या. भिंगरी त्यांच्या कानाशी गेली.

“मावशी, एक काम कराल? बाबांना सांगा ना, हा गेला म्हणून.”

“कुठे गेला? समोर तर बसलाय!”

“तसं नाही हो. वारला म्हणून सांगा.”

“बरं. कशाने वारला?”

“म्हातारपणाने!”

मावशी खो-खो हसल्या. मग हसू थांबवून त्यांनी विचारलं, “नवा कोणाकडे आलाय?”

भिंगरीचा चेहरा पडला. “तुम्हाला कसं कळलं?”

“अगं, इथे निम्म्या वस्तू बिघडल्या म्हणून येतच नाहीत. शेजारी नवी आली म्हणून येतात! मग इतके दिवस चाललेला मिक्सर अचानक कर्कश वाटतो, टीव्ही डोळ्यांना खुपतो. वस्तूला काय झालंय ते मला सापडतं. माणसाला झालेल्या जळजळीचा सुटा भाग माझ्याकडे नाही बाई! मी खोटं बोलणार नाही. ठीक करून देते. नको असेल तर ते बाबांना तूच सांग. न्यायला कोणीतरी मिळेल.”

“हा डबा? कोण नेणार!”

मावशींनी पेटारा उघडला. आत एका तारेचं सोल्डरिंग सुटलं होतं. ते त्यांनी जोडलं. आणि त्यांच्या दुकानाचा एक नियमच होता, दुरुस्त केलेली वस्तू चांगली तापेपर्यंत चालवून बघितल्याशिवाय द्यायची नाही. त्यांनी पेटारा रस्त्याकडच्या काचेच्या खिडकीत मांडला आणि गाणं लावलं.

काय घुमला म्हणून सांगू! खिडकीची काच थरथरली. पिशवी घेऊन चाललेले एक आजोबा थबकले. सायकलवाल्याने पाय टेकला. एक तरुण बाई तर नवऱ्याला ओढत थेट आतच आली.

“अहो, ऐका तरी! छातीत वाजतंय! मावशी, विकायचाय का हो?” आणि तिने हलकेच तळवा स्पीकरच्या लाकडावर ठेवला.

भिंगरी स्टुलावरून ताडकन उठली. ती जागा तिची होती! चालायला शिकत होती तेव्हापासून तिथे गाल टेकवून ती ठेका ऐकायची. पावलं शिकवायला कोणी बाई नव्हत्या, या लाकडानेच शिकवलं होतं. आणि आता तिथे परका हात? भिंगरी जळली! चक्क स्वतःच्याच पेटाऱ्यावरून जळली!

“हात काढा!” ती ओरडली. मग ओशाळली. “म्हणजे... प्लीज काढा ना. तो माझा आहे.”

ती बाई हिरमुसून निघून गेली. मावशींनी भुवई उंचावली. “वारला होता ना गं?”

“मावशी!”

“तिने नवीन काय पाहिलं त्यात? तोच डबा, तेच ओरखडे. दुसऱ्यांच्या वस्तूंकडे टक लावून बघतेस, तसं याच्याकडे एकदा तरी बघितलं होतंस का?”

भिंगरीने लाकडावरचा एक ओरखडा बोटाने चाचपला.

संध्याकाळी बाबा आले. “काय, गेला ना? चला, नवा बघू,” ते म्हणाले खरे, पण त्यांचा हात पेटाऱ्यावरून फिरत होता. मावशी मुद्दामच एका पंख्याचे स्क्रू काढायला लागल्या. भिंगरीचा एक शब्द, आणि नवा स्पीकर घरात! दिव्यांसकट!

“नाही गेला,” भिंगरी म्हणाली. “एक तार सुटली होती, बस्स. आणि बाबा... तो बिघडला तेव्हा मला आनंद झाला होता.”

“ते दिसलंच की! बिघडलेल्या वस्तूपुढे इतकं खुशीत नाचताना मी कोणालाच पाहिलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी पेटारा कण्हत-कुथत गच्चीवर चढला. त्याने पहिला ठेका धरला आणि फरशीतून तो सगळ्यांच्या पायांत शिरला. चकमकचा स्पीकर कठड्यावर दिवे फिरवत बसला होता. भिंगरीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू! दिवे सुंदरच होते. पण या वेळी तिचं पाऊल चुकलं नाही.

तर मंडळी, घरातली एखादी वस्तू भंगारात काढायला निघालात, तर आधी स्वतःला विचारा, बिघडलंय ते यंत्र, की आपली नजर? आपण शेजाऱ्याच्या खिडकीत बघत आपल्या वस्तू टाकून देतो आणि टाकलेल्याचे ढीग साऱ्या गावाला सोसावे लागतात. तेव्हा एकदा आपली वस्तू काचेपलीकडे ठेवून, परक्याच्या नजरेने बघा. कदाचित तुम्हीही ओरडाल, “हात काढा, ती माझी आहे!”