बुटांतले बोळे

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा: शाळेचा लांब व्हरांडा, भिंतीला टेकवलेली उंची मोजायची फळी, आणि कडेला ओळीनं काढून ठेवलेले बूट. देशभरातल्या मुलांची मापं घेऊन एक तक्ता तयार होणार होता. कोणत्या वयाचं मूल किती वाढायला हवं, हे पुढे सगळे डॉक्टर त्या तक्त्यावरूनच ठरवणार होते.

बूट सांभाळायचं काम चौथीतल्या चिमणीकडे होतं. तिच्या वर्गाची पाळी उद्या होती. आज दुसरीचा वर्ग होता, आणि फळीला पाठ लावून तिचा धाकटा भाऊ उभा होता. मापवाल्या बाईंनी सरकती पट्टी त्याच्या डोक्यावर टेकवली, आकडा वाचला, गेल्या वर्षीचं कार्ड पाहिलं, आणि त्यांचा हात थांबला.

“टाचा उचलल्यास का रे राजा?”

“उचलल्या असत्या तर उंच नसतो का झालो!”

बाईंनी पुन्हा मोजलं. तोच आकडा.

“साहेब, हा अकरावा,” त्या हळूच म्हणाल्या. “गेल्या वर्षी जेवढा, तेवढाच. अकराही बॅटरीच्या कारखान्यामागच्या गल्लीतले.”

टेबलाशी कार्डं तपासत बसलेल्या साहेबांनी मान वर केली नाही. “गेल्या वर्षी कुणीतरी धांदलीत भलतंच लिहिलं असणार. टाका रद्दच्या खोक्यात. असली कार्डं तक्त्याची वाट लावतात.”

“आणि मुलांनाच काही झालं असेल तर?”

“अहो बाई, अख्खी गल्ली वाढायची थांबते का कधी?”

कार्ड खोक्यात पडलं. चिमणीनं ते पाहिलं. भाऊ हल्ली अर्ध्या ताटावरून उठायचा, पोट दुखतं म्हणायचा. आई म्हणायची, नखरे. आता कार्डच रद्द झालं, तर त्याच्याकडे बघणार कोण?

ती त्याचे बूट उचलायला वाकली. सगळेच करतात तसं बाबांनीही गेल्या वर्षी ते मुद्दाम मोठे आणून पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबला होता. “सहा महिन्यांत काढून टाकू,” म्हणाले होते. तिनं आत बोटं घातली. बोळा तिथंच होता. गल्लीतल्या दुसऱ्या मुलाच्या बुटातही होता. तिसऱ्याच्याही. बाकीच्या गल्ल्यांतल्या मुलांच्या बुटांतले बोळे मात्र कधीच काढून टाकलेले.

तिनं स्वतःच्या बुटात बोटं हलवून पाहिली. कागद कुरकुरला.

मग चिमणीनं गल्लीतल्या प्रत्येकाच्या जोडातून एकेक बोळा काढला, उलगडला आणि गेल्या वर्षीची तारीख वर करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. अकरा झाले. आणि खाली बसून ती आपल्या बुटाची नाडी सोडू लागली.